पाच वाजताची भूक आणि प्रथिनांचा बागुलबुवा

घरात तेरा ते अठरा वर्षांचे मूल असले की हल्ली आईवडिलांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘याच्या खाण्यात प्रोटीन कुठंय?’ पालकसभेनंतरच्या गप्पांत, जिमच्या दारात, किराणा दुकानात ‘हाय प्रोटीन’ असे ठळक छापलेल्या पाकिटांसमोर हाच प्रश्न फिरत असतो. त्याच्या पाठीशी एक पक्के झालेले मत आहे. मराठी घरातले मधल्या वेळचे खाणे म्हणजे नुसता पिष्टमय भरणा; पोहे, उपमा, थालीपीठ, लाडू, सगळे ‘कार्ब्ज’. वाढत्या मुलाला हवी असलेली प्रथिने आपल्या फडताळात नाहीतच. डाळी-शेंगदाण्यांत जी आहेत ती ‘अपूर्ण’, म्हणून ती हिशेबात धरायची नाहीत. तेव्हा शहाण्या घराने व्हे पावडरचा डबा, प्रोटीन बार, प्रोटीनवाला ब्रेड आणून ठेवावा आणि मुलाला भूक लागली की तो पुढे करावा.

हा पूर्वपक्ष मी हलका समजत नाही. तो मांडणाऱ्यांत आहारतज्ज्ञ आहेत, डॉक्टर आहेत, आणि मुलाच्या काळजीने रात्र रात्र वाचत बसणारे पालक आहेत. त्यात एक खरा धागाही आहे, त्याचा मान पुढे राखीनच. पण मत म्हणून ते चूक आहे. मुलाच्या शरीरात काय चालले आहे याचा त्याने उलटा अर्थ लावला आहे आणि त्यामुळे मूल अर्धपोटी राहते, ही माझी खरी तक्रार आहे.

आधी हिशेब पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली भारतीयांच्या पोषणगरजांचे तक्ते नव्याने काढले. त्यात १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. १६ ते १८ या वयात मुलाला ५५ आणि मुलीला ४६. हा आकडा बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच तक्त्यातला उष्मांकांचा रकाना मात्र फारसा कोणी वाचत नाही. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला ३३२० किलोकॅलरी लागतात. खुर्चीत बसून काम करणाऱ्या त्याच्या वडिलांना लागतात २११०. आणि वडिलांची प्रथिनांची गरज? ५४ ग्रॅम. म्हणजे बाप-लेकाची प्रथिनांची गरज जवळजवळ सारखी आणि उष्मांकांची गरज मात्र लेकाची दीडपट. पाच वाजता फ्रिजचे दार उघडून उभा राहिलेला मुलगा कशासाठी उभा आहे, याचे उत्तर या दोन रकान्यांतच आहे. तो आधी ऊर्जा मागतो आहे.

५५ ग्रॅम प्रथिनांतून २२० किलोकॅलरी मिळतात. ३३२० मध्ये त्यांचा वाटा सात टक्क्यांच्याही आत येतो. आता ज्याला आपण निव्वळ ‘कार्ब’ म्हणून नाक मुरडतो ती ज्वारी घ्या. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि ३३५ च्या आसपास किलोकॅलरी. तिच्या ऊर्जेतला बारा टक्के वाटा प्रथिनांचाच आहे. गव्हात तो तेराच्या घरात जातो. पांढऱ्या तांदळातही नऊच्या आसपास असतो. नुसती भाकरी खाऊन मूल पुरेसे वाढेल असे मला म्हणायचे नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते आणि ती उणीव भरावीच लागते. मुद्दा एवढाच, की धान्य म्हणजे प्रथिनांचा अभाव ही समजूत साध्या गुणाकार-भागाकारापुढे टिकत नाही. पोटभर जेवणाऱ्या मुलाच्या ताटात प्रथिने आपोआप येतात. अर्धपोटी मुलाच्या पेल्यात ती ओतली तरी त्यांचे काम पुरे होत नाही.

का होत नाही? शरीराला ऊर्जेची निकड सर्वांत आधी. ऊर्जा कमी पडली की खाल्लेल्या प्रथिनांमधला नत्र वेगळा काढून उरलेला भाग इंधन म्हणून जाळला जातो. स्नायू, हाडांचा सांगाडा, रक्त, संप्रेरके यांच्यासाठी आलेला माल चुलीत जातो. ऐन वाढीच्या वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटरने उंच होतो, मुलगी त्याच्या दोनेक वर्षे आधी सात-आठ सेंटिमीटरने. या काळात भाकरी-पोळी काढून घेऊन फक्त प्रोटीन शेक देणे म्हणजे घर बांधायला आणलेली लाकडे पाणी तापवायला वापरणे. पिष्टमय अन्न पुरेसे असले तरच प्रथिने बांधणीसाठी शिल्लक राहतात. पोषणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे प्राथमिक म्हणून शिकवले जाते आणि जाहिरातीत पहिल्यांदा गळते.

हा वाद नवा नाही, आणि त्यात एका मराठी माणसाने जगाशी झुंज घेतली होती, म्हणून जरा इथे थांबते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत गरीब देशांची मोठी व्याधी म्हणजे प्रथिनांची तूट, असे आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठरवून टाकले होते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३० च्या दशकात आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमधल्या मुलांमध्ये पाहिलेला आणि प्रथिनांच्या तुटीने होतो असे मानला गेलेला क्वाशिओर्कर हा आजार या मताचा पाया होता. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवाल काढला. मासळीच्या पिठापासून तेलबियांच्या पेंडीपर्यंत नाना वस्तूंपासून प्रथिनांची भुकटी करायची आणि गरिबांना द्यायची, यावर पैसा आणि प्रतिष्ठा खर्च होत होती. त्या वेळी पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळत होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले, पुण्यात शिकलेले. त्यांनी भारतातल्या आहारपाहण्यांचे आकडे माणसागणिक तपासले आणि १९७० साली मांडले, की ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांतल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडते आहे. जेवण वाढवा, तूट भरते. नुसती प्रथिने वाढवा, ती जळून जातात. हैदराबादेत पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांचे मुलांवरचे निरीक्षणही त्याच दिशेने बोट दाखवत होते. १९७४ साली पोषणतज्ज्ञ डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या सगळ्या प्रथिन-मोहिमेला थेट फसगत म्हटले. सुखात्म्यांचे पुढचे एक प्रतिपादन, की शरीर कमी उष्मांकांशी बऱ्याच प्रमाणात जुळवून घेते, ते खुद्द गोपालन यांनी जोरकसपणे खोडले आणि त्यात गोपालनांची बाजू मला अधिक बळकट वाटते. पण ऊर्जा आणि प्रथिने यांच्या नात्याबद्दल सुखात्मे जे म्हणाले ते टिकले. त्या वेळी भुकटी गरिबांसाठी होती, आज ती मध्यमवर्गाच्या ओट्यावर आली आहे. मागचा तर्क तोच आहे आणि चूकही तीच.

आता ‘अपूर्ण प्रथिने’ या मुद्द्याकडे. त्याची लोकप्रियता १९७१ साली आलेल्या फ्रान्सिस मूर लाप्पे यांच्या ‘डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’ या अमेरिकी पुस्तकापासून वाढली. शाकाहारी माणसाने एकाच जेवणात नेमक्या जोड्या जमवल्या नाहीत तर प्रथिने वाया जातात, अशी धास्ती त्यातून पसरली. लाप्पे यांनीच १९८१ च्या आवृत्तीत ती धास्ती मागे घेतली. १९९४ साली व्हर्नन यंग आणि पीटर पेलेट या दोन अभ्यासकांनी वनस्पतिज प्रथिनांबद्दलच्या गैरसमजांचा सविस्तर परामर्श घेतला : वनस्पतींच्या प्रथिनांत सगळी आवश्यक अमिनो आम्ले असतात, प्रमाण कमीजास्त असते, आणि दिवसभराच्या खाण्यात ते जुळले तरी चालते. धान्यात लायसिन कमी आणि मेथिओनिन बरे. डाळीत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी. तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, कारण त्या प्रमाणात दोघांची उणीव बऱ्यापैकी भरून निघते. आपल्याकडचे वरण-भात, पिठले-भाकरी, उसळ-पोळी, आंबोळी, धिरडी या प्रमाणाच्या आसपासच वावरतात. ज्याला आपण अपूर्ण म्हणून बाजूला सारतो ते एका ताटात शेजारी शेजारी बसलेले असते.

आणि आता तो खरा धागा. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत अनुरा कुरपाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समस्थानिके वापरून माणसाच्या शरीरात कोणते प्रथिन प्रत्यक्षात किती पचते, हे मोजले. अंड्याच्या तुलनेत हरभरा आणि मूग लक्षणीय कमी पचतात, असे दिसले. त्यामुळे ‘ताटात इतके ग्रॅम’ म्हणून मोजलेला आकडा शरीराला मिळालेल्या आकड्याहून मोठा असतो. २०२० च्या तक्त्यातही प्रौढांसाठी उत्तम दर्जाची प्रथिने गृहीत धरून किलोमागे ०.८३ ग्रॅम आणि धान्यावर भिस्त असलेल्या आहारासाठी किलोमागे सुमारे १ ग्रॅम अशी वेगळी मात्रा आहे. म्हणजे आपल्याकडे प्रथिनांच्या प्रश्नाला काही अर्थच नाही असे म्हणणाऱ्यांनीही जरा सबुरीने घ्यावे. ज्या घरात संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री भात आणि पातळ आमटी एवढेच असते, तिथे दर्जाचा प्रश्न नक्की आहे.

पण यातून पावडर कशी सिद्ध होते? त्याच संशोधकांना असेही दिसले, की मुगाची साल काढली की त्याची पचनीयता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. साल काढणे, भिजवणे, मोड आणणे, भाजणे, दळणे, आंबवणे या प्रक्रियांनी डाळीतले पचनाला आड येणारे घटक, फायटेट आणि ट्रिप्सिनरोधक, कमी होतात. ही सगळी कामे आपल्या स्वयंपाकघरात रोजची आहेत. दर्जाचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर आहे डाळीचा वाटा वाढवणे, ती नीट संस्कारून घेणे आणि जोडीला दूध, दही किंवा अंडे ठेवणे. त्यासाठी आयात केलेल्या डब्याची गरज पडत नाही.

थालीपिठाचीच गोष्ट पाहू, कारण ‘कार्ब’ म्हणून सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावर होतो. भाजणीची प्रमाणे घराघरांत वेगळी. समजा किलोभर भाजणीत बाजरी आणि ज्वारी पाव-पाव किलो, गहू आणि तांदूळ शंभर-शंभर ग्रॅम, हरभराडाळ दीडशे, उडीदडाळ शंभर आणि मूग पन्नास. वर मूठभर धणे, चमचाभर जिरे. धान्याचे सातशे ग्रॅम सरासरी दहा टक्क्यांनी सत्तर ग्रॅम प्रथिने देतात, डाळींचे तीनशे ग्रॅम बावीस टक्क्यांनी सहासष्ट. शंभर ग्रॅम पिठात साडेतेरा ग्रॅम, आणि शंभर ग्रॅम पिठाची दोन ऐसपैस थालीपिठे होतात. धान्य-डाळीचे प्रमाण इथे तिनास एकापेक्षा डाळीच्या बाजूने झुकलेले आहे, हेही पाहून ठेवावे. कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ, तीळ आणि मूठभर दाण्याचे कूट घालून गोळा मळायचा. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये एक आणि भोवती चार भोके पाडून, फडके तव्यावर उलटे धरून अलगद सोडवून घ्यायचे; भोकांत तेल सोडले की झाकणाखाली ते चुरचुरत कडेने तांबूस होते. शेजारी वाटीभर घट्ट दही. दह्याचे पाचेक ग्रॅम, कुटाचे तीनेक धरले तर एका बैठकीत वीस-बावीस ग्रॅम प्रथिने आणि पाचशेच्या वर किलोकॅलरी मुलाच्या पोटात जातात. १७ वर्षांच्या मुलाच्या दिवसभराच्या प्रथिनांपैकी एक तृतीयांशाहून अधिक, आणि रात्रीचे जेवण अजून बाकी आहे. एक सूचना मात्र कळकळीने करते : डाळी लालभडक होईपर्यंत भाजू नयेत. जास्त आचेवर लायसिनची साखरेशी अभिक्रिया होऊन ते शरीराला मिळेनासे होते. खमंगपणासाठी जेवढे हवे तेवढेच भाजावे.

कोणी म्हणेल, सव्वापाचला घरी येऊन सहाच्या क्लासला निघणारा मुलगा थालीपीठ थापणार आहे का? नाही. म्हणूनच सातूच्या पिठाचा डबा वरच्या फळीवर न ठेवता हाताशी ठेवावा. भाजलेले गहू, पंढरपुरी डाळे, थोडे जिरे, एवढ्याचे पीठ. पन्नास ग्रॅम पिठात गूळ आणि पेलाभर दूध घातले की चुलीपाशी न जाता पंधराएक ग्रॅम प्रथिने होतात आणि दुधातून जवळपास तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. या वयात दिवसाला १००० ते १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. प्रथिनांच्या गजरात ती गरज अगदीच दबून गेली आहे. मटकीची वाटीभर उसळ आणि भाकरी, तेरा ग्रॅम. दोन उकडलेली अंडी, बाराएक. कोकणात भाकरीवर परतलेला जवळा किंवा सुका बोंबील असेल तर त्याच्याइतके भरीव काही नाही. सुकवलेल्या मासळीच्या निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचे असते. कुळथाची पिठी, शेंगोळ्या, मुगाची धिरडी, भुर्जी-पाव, भाजलेले चणे, ओल्या शेंगा उकडून, हिवाळ्यात सोलाणे. प्रत्येकाचे आकडे देत बसत नाही. फडताळातला माल माहीत असला की हिशेब जमतो.

बाजारातल्या वस्तूंचे म्हणायचे तर प्रोटीन बारमध्ये साधारण वीस ग्रॅम प्रथिने असतात आणि तो शंभर ते दीडशे रुपयांना पडतो. तेवढी प्रथिने पंचाऐंशी ग्रॅम शेंगदाण्यांत मिळतात आणि त्याला पंधरा-वीस रुपये लागतात. शेंगदाण्यात तेल भरपूर असते हा आक्षेप बापाच्या वयाला लागू असेल, ३३२० किलोकॅलरींच्या मागे लागलेल्या पोराला तो लागू नाही. पावडरीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी झाली आणि ती २०२४ साली ‘मेडिसिन’ या नियतकालिकात छापून आली. सुमारे सत्तर टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता; काहींत लिहिल्याच्या निम्मेच होते. काही नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विषही सापडले. ते विष बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातही असते, म्हणून खवट, काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून फेकावेत. पण दाणा डोळ्यांनी पाहून निवडता येतो, सीलबंद डब्यातली भुकटी नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेनेही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असे स्पष्ट सांगितले.

जिमला जाणाऱ्या मुलाचे काय, असे विचारले जाते. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी किलोमागे १.२ ते २ ग्रॅम ही मात्रा क्रीडावैद्यकात सांगतात. ५५ किलोच्या मुलाला मध्यम व्यायामाला सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम पुरतात. वर सांगितलेली संध्याकाळ, दोन वेळचे डाळ-पोळीचे जेवण, दोन पेले दूध आणि अंडी एवढ्यात तो आकडा गाठता येतो. व्हेमध्ये ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असते आणि ते लवकर शोषले जाते, हे खरे. स्पर्धेत उतरलेल्या, प्रशिक्षकाच्या आणि डॉक्टरच्या देखरेखीखालच्या खेळाडूला त्याचा उपयोग असेल. आठवड्यातून तीनदा डंबेल उचलणाऱ्या अकरावीच्या मुलाला नाही. कोल्हापूरच्या तालमींतला खुराक आठवून पाहा : म्हशीचे धारोष्ण दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, भाकरी. त्या खुराकात उष्मांक आणि प्रथिने कधी वेगळी काढलेली नव्हती. पैलवानाला घाम गाळायला जे लागते तेही त्याच ताटात असे.

एवढे म्हटल्यावर ‘आमचे जुने ते सगळे सोने’ म्हणणाऱ्यांकडेही वळले पाहिजे, कारण माझे मंडन त्यांच्या पदरात पडू नये. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात; खिचडीत जी असतात ती शेंगदाण्याच्या कुटाची, आणि कूट हात आखडून घातले तर ती नुसती स्टार्चची परात. मोड आणले की कडधान्यातली प्रथिने दुप्पट होतात हा सर्वत्र सांगितला जाणारा दावा खोटा आहे. बी उगवताना प्रथिने कुठून आणणार? पाणी शोषल्याने वजन दुप्पट होते, त्यामुळे शंभर ग्रॅममागे ती उलट कमी भरतात. मोडांचा खरा लाभ वेगळा आहे : पचन सुधारते, फायटेट कमी होते, क जीवनसत्त्व तयार होते. कांदेपोहेही नुसते असले तर तोकडेच. त्यांत मूठभर दाणे आणि वरून वाटीभर मोडाची मटकी घातली की ते उभे राहतात. हॉटेलातली मिसळ म्हणजे कडधान्य असे समजून खाणाऱ्याने चमच्याने तर्री आणि फरसाण बाजूला सारून खाली मटकी किती उरते ते पाहावे. बिस्किट, टोस्ट, खारी, नूडल्स यांना जुनेपणाचाही आधार नाही. मुलाच्या संध्याकाळी खरा दरोडा त्यांनीच घातला आहे, आणि ‘कार्ब’च्या नावाने शिव्या मात्र भाकरीला बसतात.

प्रथिनांच्या या गदारोळात सर्वांत जास्त कोणाचे नुकसान होते? मुलींचे. मुलाला जिमसाठी शेक मिळतो आणि मुलीला ‘भात-पोळी कमी कर, जाड होशील’ हा सल्ला. प्रथिनांचा नुसता आकडा डोक्यात बसलेली मुलगी दुपारची पोळी सोडते, संध्याकाळी काकडी खाते आणि एक बार चघळून आपले भागले असे समजते. तिच्या शरीराने तो बार जाळून टाकलेला असतो. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण पाहणीत १० ते १९ वयोगटातल्या चाळीस टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. मुलांत हे प्रमाण अठरा टक्के होते. याच वयोगटात जवळपास चौथा हिस्सा मुले-मुली वयाच्या मानाने कृश होती. १६ ते १८ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोह लागते, मुलापेक्षा जास्त, आणि ते व्हेमधून येत नाही. ते बाजरीतून, मटकीतून, कारळ्याच्या चटणीतून, अळिवाच्या लाडवातून, मासळी-मटणातून येते. वर लिंबू पिळले तर जास्त शोषले जाते आणि खाण्यासोबत चहा घेतला तर कमी. म्हणून घरोघरी चालणारा एक बदल मी सुचवीन : संध्याकाळचे खाणे आधी, चहा तासाभराने. आणि थालीपिठाचे ताट मुलीपुढेही त्याच आकाराचे.

शेवटचा मुद्दा घराच्या भिंतीबाहेरचा आहे, पण मतांचे वजन तिथेही पडते. शाळेतल्या माध्यान्ह भोजनाचे, आताच्या पीएम पोषणचे, मानक सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे आहे. ज्याने ते ठरवले त्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवले, हे योग्य केले. पण ही योजना आठवीला संपते, नेमकी तेव्हा जेव्हा मुलाची भूक दीडपट होऊ लागते. महाराष्ट्राने २०२३ साली या आहारात आठवड्याला एक अंडे दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. पचायला हलके, दर्जाला उत्तम आणि सात-आठ रुपयांत मिळणारे प्रथिन ज्या मुलांना खरोखर हवे होते त्यांच्या ताटातून गेले, तेव्हा प्रथिनांच्या कमतरतेवर रोज बोलणारी मंडळी गप्प होती. नववी-दहावीच्या वर्गांना हे भोजन लागू करणे आणि अंडे परत आणणे, अंडे न खाणाऱ्यांसाठी शेंगदाणा-गुळाची चिक्की आणि दूध ठेवणे, ही मागणी प्रत्येक पालकसभेने लेखी करावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती घालायला कोणाची परवानगी लागत नाही.